असईचा हत्ती आणि चांदीचा एक बिल्ला

पुण्याच्या पश्चिमेस चांदणी चौक ओलांडून पौडच्या दिशेने निघाले की मुळशी तालुक्याच्या वेशीवरचे बावधन बुद्रुक लागते. आज तेथे उंच इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. परंतु दोन पिढ्यांपूर्वी राम नदीच्या काठचे हे साधे शेतकरी गाव होते, आणि पावसाच्या भरवशावरील शेतीतून घराचा योगक्षेम चालेना म्हणून येथील कर्ते पुरुष पुण्याच्या लष्कर भागात, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात अथवा गोऱ्या अंमलदारांच्या बंगल्यांवर चाकरी पत्करीत. अशाच एका चाकरमान्याच्या वंशजांकडे, देव्हाऱ्यातील टाकांच्या शेजारी ठेवलेला चांदीचा एक बिल्ला मला पाहावयास मिळाला. “त्याच्यावर गणपती हाय, म्हणून मामंजींनी देवात ठिवला,” असे त्या घरातील वयोवृद्ध आजींनी सांगितले. बिल्ला कोठला, कोणाचा आणि किती जुना हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. तो विलायती असावा, एवढेच ऐकिवात होते.

बिल्ला साधारण दोन इंचांचा, हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागणारा. त्याचे मूळ रूप ताऱ्याचे आहे. परंतु हा तारा आपल्या परिचयाचा पंचकोनी वा षट्कोनी नाही. दोन तिरप्या पट्ट्यांची फुली आणि त्या फुलीच्या चारही कोनांतून बाहेर पडणारे किरण, अशी त्याची घडण. मध्यभागी शिकाऱ्याचे वळणदार शिंग, त्याच्या वेटोळ्यात एकमेकांत गुंफलेली तीन रोमन अक्षरे, शिंगाच्या वर राजमुकुट, खाली फितीसारखी एक पट्टी आणि तीवर कोरलेला झिजका शब्द. आणि अगदी तळाशी, चार पायांवर उभा असलेला हत्ती. त्याच्या पाठीवर हौदा नाही, अंगावर झूल नाही, आणि मोदकाचे ताट धरणारे हात तर नाहीतच. पिढ्यान्‌पिढ्या सणावाराला राखेने आणि रांगोळीने घासल्यामुळे हत्तीचा डोळा आणि कानाची कड पार गुळगुळीत झाली आहे.

अशी अनोळखी वस्तू हाती आली की आपली दृष्टी साहजिकच तिच्या दर्शनी बाजूवर खिळते. जाणकार मात्र ती आधी पालथी करतात. दर्शनी बाजू वस्तू कोणासाठी घडविली ते सांगते; ती कोठे घडली, केव्हा घडली आणि तिच्यातील चांदीचा कस काय, याचा दाखला बहुधा पाठीवर असतो, आणि हा दाखला एखाद्या सरकारी दप्तरातील मोर्तब केलेल्या कागदाइतका काटेकोर असतो. आपल्याकडे पूर्वापार सोनार कसोटीवर घासून सोन्यारुप्याचा टंच ठरवीत आला, आणि त्याच्या शब्दावर गिऱ्हाइकाने विश्वास ठेवला. स्कॉटलंडमध्ये हा विश्वास कायद्याच्या चौकटीत फार लवकर बसविला गेला. १४५७ साली तेथील राजा दुसरा जेम्स याच्या अमदानीत असा कायदा झाला, की सोनारांच्या पेठेचा जो मुख्य असेल त्याने कारागिराचे काम तपासावे आणि त्यावर आपला ठसा उमटवावा. एडिंबरो या राजधानीच्या शहराने आपल्या किल्ल्याचे चित्र ठशासाठी निवडले: तीन बुरुजांचा किल्ला. पाचशे वर्षे उलटून गेली तरी तो ठसा तेथील चांदीवर आजही उमटतो. १६८१ पासून त्याच्या जोडीस दरवर्षी बदलणारे एक अक्षर मारण्याची पद्धत पडली, आणि त्या अक्षराच्या वळणावरून व त्याभोवतीच्या चौकटीच्या आकारावरून वस्तूचे नेमके साल काढता येऊ लागले.

येथे थोडे थांबून हे ठसे नीट समजून घेणे अगत्याचे आहे, कारण ज्यांच्या घरी जुनी विलायती चांदी आहे, त्यांना याचा प्रत्यक्ष उपयोग होईल. स्कॉटलंडच्या चांदीवर सर्वसाधारणपणे चार गोष्टी शोधाव्यात. पहिली, शहराची खूण: एडिंबरोचा किल्ला, किंवा ग्लासगो असेल तर एका लहानशा चौकटीत बसविलेले झाड, त्यावर पक्षी, फांदीला घंटा आणि बुंध्याशी तोंडात अंगठी धरलेला मासा. दुसरी, कसाची खूण. एडिंबरोत १७५९ पासून १९७४ पर्यंत ही खूण म्हणजे काटेरी फूल, ज्याला तिकडे थिसल म्हणतात आणि जे स्कॉटलंडचे राष्ट्रीय पुष्प आहे. ते दिसले की शंभर भागांत साडेब्याण्णव भाग शुद्ध चांदी आहे असे समजावे. तिसरी, सालाचे अक्षर. चौथी, कारागिराची वा दुकानाची आद्याक्षरे. याखेरीज १७८४ ते १८९० या काळातील चांदीवर राजाच्या किंवा राणीच्या मस्तकाचा एक बारीक ठसा आढळतो. चांदीवरचा सरकारी कर भरल्याची ती पावती होती; कर उठला आणि ठसाही थांबला. हे मस्तक असेल तर वस्तू सहसा १८९० च्या अलीकडची नव्हे, आणि बाकीचे सर्व ठसे असून मस्तक तेवढे नसेल तर ती बहुधा त्या सालानंतरची, असा निष्कर्ष एका दृष्टिक्षेपात काढता येतो.

एडिंबरो आणि ग्लासगो यांच्या पलीकडे लहान गावांतील सोनारांची एक वेगळीच दुनिया आहे. ॲबर्डीन, इन्व्हर्नेस, पर्थ, माँट्रोज, ग्रीनॉक अशा गावांचे कारागीर दुर्गम आणि असुरक्षित वाटेने आपला माल राजधानीस तपासणीसाठी धाडण्याऐवजी स्वतःच गावाची खूण व नावाची अक्षरे ठोकून मोकळे होत. त्यामुळे पर्थचा दुतोंडी गरुड, माँट्रोजचा गुलाब, ग्रीनॉकचा नांगर असे ठसे अधूनमधून भेटतात. संग्राहक अशा वस्तूंसाठी मोठी किंमत मोजतात, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही होतात.

बावधनच्या बिल्ल्याच्या पाठीवर, टोपीला अडकविण्यासाठी बसविलेल्या दोन कड्यांच्या मधल्या जागेत, भिंगाखाली तीन बुरुज दिसले आणि त्याशेजारी थिसलचे फूल. सालाचे अक्षर रांगोळीने खाऊन टाकले होते. चौकटीची एक बाजू तेवढी शिल्लक होती. कारागिराच्या दोन अक्षरांपैकी एकच वाचता आले. राजाचे मस्तक कोठेही नव्हते. म्हणजे एडिंबरोत तपासलेली, साडेब्याण्णव टंचाची आणि बहुतेक १८९० नंतरची चांदी, एवढे निश्चित झाले. हा दाखला मिळणे महत्त्वाचे होते, कारण बाजारात चांदीसारखे दिसणारे बरेच काही फिरत असते. चांदीचा मुलामा दिलेल्या पांढऱ्या धातूच्या वस्तूंवर ‘ई.पी.एन.एस.’ ही चार अक्षरे निरनिराळ्या चौकटींत अशा बेताने ठोकलेली असतात की अजाण माणसाला ते कसाचे ठसेच वाटावेत. खुद्द हिंदुस्थानात बनलेल्या चांदीची गोष्ट आणखी निराळी. कलकत्त्याची हॅमिल्टन आणि कंपनी, मद्रासची पी. ऑर अँड सन्स अशा पेढ्या येथेच उत्तम विलायती घाटाची चांदी घडवीत, परंतु सरकारी तपासणीची व्यवस्था नसल्यामुळे त्यांचे ठसे त्यांचे स्वतःचेच असत. आणि कच्छच्या भूज येथील उमरसी मावजी यांच्यासारखे कारागीर तर आपल्या वेलबुट्टीच्या कामावर आपली आद्याक्षरे आणि गावाचे नाव एवढीच सही करून थांबत. किल्ला आणि थिसल एकत्र दिसल्यावर हा सगळा संशय फिटतो.

सालाचे अक्षर गेले म्हणून काळ अगदीच अज्ञात राहिला असे मात्र नाही. दर्शनी बाजूवरचा मुकुट येथे साक्षीला धावून येतो. ब्रिटिश लष्कराच्या चिन्हांवरील मुकुटाचा आकार राज्यकर्त्यांबरोबर वेळोवेळी बदलला. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असत. १९०१ साली सातवा एडवर्ड गादीवर आल्यानंतर त्या उंच आणि गोलाकार झाल्या. आणि १९५२ मध्ये दुसरी एलिझाबेथ राणी झाल्यावर कमानी पुन्हा मध्यभागी खचल्या. या बिल्ल्यावरील मुकुट घुमटासारखा गोल आहे. तेव्हा तो १९०१ ते १९५२ यांच्या दरम्यानचा, आणि हिंदुस्थानातील इंग्रजी अंमल १९४७ मध्ये संपला हे लक्षात घेता बहुधा त्यापूर्वी येथे आलेला. त्या चाकरमान्याच्या नोकरीचा काळ घरातील मंडळी सांगतात, त्याच्याशी हे जुळते.

आता प्रश्न उरला तो पलटणीचा, कारण शिंग, मुकुट आणि गुंफलेली अक्षरे यांचा मेळ लष्करी पलटणीच्याच बिल्ल्यावर पडतो. स्कॉटलंडच्या पलटणींचे बिल्ले ओळखण्यास फार कठीण नाहीत. प्रत्येकाने आपले चिन्ह जिवापाड जपले आहे. ब्लॅक वॉचच्या बिल्ल्यावर संत अँड्र्यू आपला तिरपा क्रूस धरून उभा असतो. गॉर्डन हायलंडर्सचा बिल्ला म्हणजे आयव्हीच्या वेलीने वेढलेले सांबराचे मस्तक. सीफोर्थ हायलंडर्सच्या बिल्ल्यावरही सांबराचेच मस्तक, पण त्याखाली गेलिक भाषेतील ब्रीद. आपल्या बिल्ल्यावरील तिरपी फुली आणि तीतून निघणारे किरण हा स्कॉटलंडच्या सर्वोच्च मानाच्या, म्हणजे ‘ऑर्डर ऑफ द थिसल’च्या ताऱ्याचा आकार होय. शिंग हे हलक्या पायदळाचे चिन्ह, कारण चपळ तुकड्यांना रणांगणावर हुकूम देण्यासाठी ढोलाऐवजी शिंग फुंकीत. तारा, शिंग, मुकुट आणि हत्ती या चारही गोष्टी एकत्र धारण करणारी पलटण एकच: हायलंड लाइट इन्फन्ट्री. शिंगाच्या वेटोळ्यातील तीन अक्षरे याच नावाची आद्याक्षरे. साध्या शिपायांचे बिल्ले पांढऱ्या धातूचे असत, म्हणून हा अस्सल चांदीचा बिल्ला एखाद्या अंमलदाराच्या टोपीवरचा होता, असे खात्रीने म्हणता येते.

राहिला तो पट्टीवरचा झिजका शब्द. हत्तीच्या डोक्यावर, फितीच्या घडीत कोरलेली ती सहा अक्षरे एकेक करून लावली, की जो शब्द उभा राहतो तो इंग्रजी नाही, गेलिक नाही, लॅटिनही नाही. तो शब्द आहे ‘असई’. जालना जिल्ह्यातले एक गाव.

स्कॉटलंडच्या डोंगरी प्रदेशाचे नाव मिरविणाऱ्या पलटणीने आपल्या मानचिन्हावर मराठवाड्यातील एका खेड्याचे नाव शतकाहून अधिक काळ कोरून ठेवावे, यामागची हकीकत आपल्या इतिहासातली आहे, आणि मला वाटते ती आपल्याकडे पुरेशा तपशिलाने सांगितली जात नाही. वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करल्यानंतर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले हे इंग्रजांविरुद्ध उभे ठाकले. १८०३ च्या ऑगस्टात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि तो उत्तरेकडे सरकला. २३ सप्टेंबर रोजी भोकरदनच्या परिसरात, केळणा आणि जुई या नद्यांच्या संगमाशेजारील चिंचोळ्या भूमीवर, शिंदे-भोसल्यांची प्रचंड फौज त्याच्या दृष्टीस पडली. त्याच्याजवळ माणसे होती सुमारे सात हजार. समोर घोडदळाचाच आकडा याच्या कितीतरी पट, आणि शिवाय पोहलमन या हॅनोव्हरच्या सेनानीखाली शिंद्यांचे कवायती कंपू, बेगम समरूच्या पलटणी आणि ओळीने मांडलेल्या तोफा.

केळणा नदीला उतार नाही असे वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले होते. दुर्बिणीतून त्याला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली पिंपळगाव आणि वरूड ही गावे दिसली, आणि त्याने तर्क केला की इतकी जवळ असलेली दोन गावे येण्याजाण्याच्या वाटेवाचून राहणार नाहीत. उतार होताच. तेथून सैन्य पार करून त्याने मराठ्यांच्या बगलेवर हल्ला करण्याचा घाट घातला. परंतु पोहलमनने आपली सगळी कवायती फळी जागच्या जागी काटकोनात वळवून त्याच्यासमोर आणली. हा डाव इतक्या शिस्तीने पार पडला की वेलस्ली चकित झाला. मराठ्यांचे सैन्य म्हणजे केवळ लुटारू घोडेस्वारांचा विस्कळीत जमाव, अशी समजूत ज्यांची असेल त्यांनी या एका हालचालीकडे लक्ष द्यावे.

इंग्रजांच्या डाव्या बाजूला ७८ व्या हायलंडर्सची पलटण होती, उजवीकडे ७४ व्या हायलंडर्सची. उजव्या टोकावर ऑरक नावाचा अंमलदार आघाडीच्या तुकड्या घेऊन चालला होता. त्याला असई गावापासून दूर राहण्याचा हुकूम होता. तो थेट गावाकडेच चालत गेला आणि त्याच्या पाठोपाठ ७४ वी पलटण गेली. गावाच्या तटबंदीआडून आणि गावाशेजारच्या तोफखान्यातून त्यांच्यावर गोळ्यांचा वर्षाव झाला, आणि फळी फाटताच मराठा घोडदळ त्यांच्यावर कोसळले. उरलेल्यांनी पडलेल्या साथीदारांच्या देहांच्या आडोशाने चौकोन करून तग धरला, तोवर मॅक्सवेल या इंग्रज अंमलदाराच्या घोडदळाने येऊन त्यांना वाचविले. त्या पलटणीच्या सुमारे पाचशे माणसांपैकी चारशेच्या आसपास ठार वा जखमी झाली. अंमलदारांपैकी धड उरलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एकूण इंग्रज सैन्यातून दीड हजारांहून अधिक माणसे त्या दिवशी ठार वा जखमी झाली. मॅक्सवेलही त्याच रणात मारला गेला. पुढे वॉटर्लूवर नेपोलियनचा पराभव करून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून कीर्ती पावलेला हाच वेलस्ली, आपल्या आयुष्यातील सर्वोत्तम लढाई कोणती असे वृद्धापकाळी विचारले असता, असईचे नाव घेत असे.

मराठ्यांच्या बाजूचे काय? शिंद्यांचे गोलंदाज शेवटच्या घटकेपर्यंत तोफांना चिकटून राहिले. संगिनी अंगात शिरेपर्यंत हटले नाहीत. पडलेल्यांपैकी काही जण, इंग्रजांची ओळ पुढे निघून गेल्यावर, उठून तोफा उलट्या फिरवून पाठीमागून मारा करू लागले, असे इंग्रजांनीच लिहून ठेविले आहे. जवळजवळ शंभर तोफा रणांगणावर राहिल्या. वर्षाअखेर, ३० डिसेंबर रोजी, सुर्जी-अंजनगावचा तह होऊन शिंद्यांनी हार मानली. त्या गोलंदाजांची नावे कोठल्याही फितीवर कोरली गेली नाहीत. चांदीचा हा बिल्ला हातात घेताना मला सर्वांत तीव्रतेने जाणवले ते हे, की ज्या शौर्यामुळे असईची लढाई जिंकणाऱ्यांना एवढी अविस्मरणीय वाटली, त्यातले निम्मे शौर्य आपल्या माणसांचे होते, आणि त्याचे स्मारक नकळत परक्यांच्या टोपीवर राहिले.

लढाईनंतर गव्हर्नर जनरलने, जो वेलस्लीचाच वडील बंधू होता, १९ वे घोडदळ आणि ७४ व ७८ या हायलंडर पलटणींना खास मानाची निशाणे बहाल केली, आणि असईचे नाव व हत्ती ही चिन्हे त्यांच्याकडे कायमची आली. १८८१ मध्ये ब्रिटिश लष्कराची पुनर्रचना झाली तेव्हा ७१ वी आणि ७४ वी पलटण मिळून हायलंड लाइट इन्फन्ट्री झाली, तर ७८ वी पलटण ७२ व्या पलटणीशी एकत्र होऊन सीफोर्थ हायलंडर्स बनली. हत्ती दोघींकडे गेला. म्हणून नुसता हत्ती दिसला की हायलंड लाइट इन्फन्ट्री, असे समीकरण मांडता येत नाही; बिल्ल्यावरील प्रत्येक घटक एकमेकांशी ताडून पाहावा लागतो. ७६ व्या पलटणीलाही हत्ती मिळाला, पण तो उत्तर हिंदुस्थानातील लढायांसाठी, आणि त्यावर ‘हिंदुस्थान’ असा शब्द आहे.

आणि हा हत्ती केवळ इंग्रजांकडेच राहिला असेही नाही. वेलस्लीच्या सैन्यातील मोठा भाग मद्रासी शिपायांचा होता. स्वतंत्र भारताच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर, ढालीवर उभा असलेला आणि मागे दोन तलवारींची फुली असलेला जो हत्ती आहे, तोही असईचाच. निलगिरीतील ज्या गावी या रेजिमेंटचे केंद्र आहे त्या गावाचे नाव वेलिंग्टन, हाही एक योगायोग लक्षात ठेवण्याजोगा. हायलंड लाइट इन्फन्ट्री मात्र आता त्या नावाने अस्तित्वात नाही. १९५९ साली ती रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्सशी मिळून रॉयल हायलंड फ्युझिलियर्स झाली, आणि २००६ मध्ये स्कॉटलंडच्या बहुतेक पायदळ पलटणी एकाच रेजिमेंटमध्ये विलीन झाल्या.

महाराष्ट्रात स्कॉटलंडची चांदी सापडणे नवलाचे नाही, हे येथे सांगितले पाहिजे. पेशवाईचा शेवट घडविणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, त्याच्यामागून मुंबईचा गव्हर्नर झालेला जॉन माल्कम, साताऱ्यास रेसिडेंट राहून मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, मुंबईत शिक्षणसंस्था उभारणारे जॉन विल्सन, हे सारे स्कॉटलंडचे. त्यामुळे प्रत्येक स्कॉटिश बिल्ला लष्करीच असेल असे धरून चालू नये. पट्टा आणि बक्कल यांच्या वर्तुळात एखादे मस्तक, हात वा प्राणी आणि त्याभोवती ब्रीदवाक्य असेल तर तो कुळाचा, म्हणजे तिकडच्या भाऊबंदांच्या क्लॅनचा, बिल्ला समजावा. कर्कटक आणि काटकोन यांची आकृती असेल तर तो फ्रीमेसन मंडळाचा अलंकार. त्याबरोबर एखादा क्रमांक आणि ‘एस.सी.’ ही अक्षरे असली तर ते मंडळ स्कॉटलंडच्या सनदेखालचे. मुंबईत १८४३ साली स्कॉटलंडच्याच जेम्स बर्न्सने स्थापन केलेले ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे असे मंडळ पारशी व इतर एतद्देशीयांना खुले होते, त्यामुळे त्याचे अलंकार हिंदी घराण्यांतही वारसाने आलेले असू शकतात. मोठ्या पिंगट स्फटिकाभोवती चांदीची कड असेल तर ती डोंगरी पोशाखाच्या खांद्यावरची पिन. शाळेतील पहिल्या विद्यार्थ्याला, नांगरणीच्या स्पर्धेत जिंकणाऱ्याला, बर्फावरच्या खेळातील विजेत्याला चांदीची पदके देण्याचीही त्या देशात प्रथा होती. आपल्याकडे इंग्रजी अमदानीत पट्टेवाल्याच्या छातीवरच्या पितळी चपराशीवर कचेरीचे नाव असे, त्याचप्रमाणे या प्रत्येक धातूच्या तुकड्यावर त्याचा अधिकार लिहिलेला असतो. तो वाचण्याची चिकाटी तेवढी हवी.

अंमलदाराच्या टोपीवरचा बिल्ला बावधनपर्यंत येण्याचे मार्गही अनेक. एखादा अंमलदार मेला किंवा विलायतेस परतला की त्याच्या चीजवस्तूंचा छावणीतच लिलाव होत असे. निरोपाच्या वेळी नोकरास एखादी वस्तू बक्षीस देण्याची रीत होती. आणि पुण्याचा जुना बाजार तर होताच. या बाजारातून आणि गावोगावच्या घरांतून लोकांनी टाकाऊ ठरविलेल्या दिव्यांपासून अडकित्त्यांपर्यंतच्या वस्तू ज्यांनी आयुष्यभर वेचल्या, त्या दिनकर गंगाधर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, आपला सारा संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या राजा केळकर संग्रहालयाच्या विस्तारासाठी बावधन येथे जागा देण्यात आली आहे, आणि हे संग्रहालय एक दिवस येथे उभे राहावे, अशी माझ्यासारख्या अनेकांची उत्कट इच्छा आहे. इतिहासाचार्य राजवाडे खेडोपाडी पायपीट करून जे कागद गोळा करीत, त्यांत कागदाबरोबर तो कोणत्या घरातून आला याची नोंद किती मोलाची असते, हे इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक आहे. धातूच्या वस्तूलाही हाच नियम लागू आहे. बावधनच्या बिल्ल्याची घडण एडिंबरोची, पलटण स्कॉटलंडची, नाव मराठवाड्याचे आणि पूजा मुळशीतली; यांपैकी शेवटची गोष्ट आजींनी सांगितली नसती, तर तो ग्लासगोच्या एखाद्या दुकानातील शेकडो बिल्ल्यांसारखा एक बिल्ला उरला असता.

म्हणून वाचकांस काही कळकळीच्या विनंत्या आहेत. घरात अशी जुनी चांदी असेल तर ती मोडीत घालू नका. वजनाच्या भावाने मिळणारी रक्कम फार थोडी, आणि एकदा मुशीत गेलेला ठसा पुन्हा येत नाही. राख, रांगोळी, चिंच किंवा पावडर लावून ती घासू नका. काळवंडलेली चांदी अक्षरे जपते, चकचकीत चांदी ती गमावते. कस पाहायचा असेल तर तेजाब लावू देऊ नका. वस्तूला ओरखडाही न काढता क्ष-किरणांनी धातू तपासणारी यंत्रे आता पुण्यातील अनेक हॉलमार्क केंद्रांत आहेत. चांगल्या उजेडात, भिंग घेऊन, पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा आणि ती भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा एखाद्या संग्रहालयात दाखवा. पलटणीचा बिल्ला असेल तर लंडनचे नॅशनल आर्मी म्युझियम आणि ग्लासगो येथील रॉयल हायलंड फ्युझिलियर्सचे संग्रहालय यांनाही लिहिता येईल. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये ती कोणाही खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाही, हे ध्यानात असू द्या. परदेशी ग्राहक कितीही किंमत देऊ करो. आणि घरातली वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून, ही वस्तू कोणी आणली, कोणत्या चाकरीत असताना आणली आणि ती आजवर कोठे ठेवली होती, एवढे एका कागदावर तारीख घालून लिहून घ्या, आणि तो कागद वस्तूबरोबरच ठेवा.